डोक्याचा मार आणि बदललेला स्वभाव

अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर आला, टाके निघाले, तो चालू-बोलू लागला की घरच्यांना वाटते, संकट टळले. पुष्कळदा खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. शांत स्वभावाचा बाप क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो. कष्टाळू मुलगा दिवसदिवस भिंतीकडे पाहत बसतो. मग कोणी म्हणते माजला आहे, कोणी म्हणते सोंग करतो, तर कोणी बाहेरची बाधा सांगून भगताकडे न्यायला निघते. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, हे सांगण्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मेंदूचा कपाळामागील भाग म्हणजे आपल्या वागण्याचा लगाम. राग आवरणे, पुढचा विचार करणे, स्वतःहून कामाला लागणे, हे त्याच्याकडे असते. जोराचा मार बसला की मेंदू कवटीच्या आतील खडबडीत हाडावर आपटतो आणि हा भाग पुष्कळदा दुखावतो. मेंदूतील नाजूक तंतूही ताणले जातात. ती इजा सीटी स्कॅनमध्ये दिसतेच असे नाही. आपण बदललो आहोत हे कित्येकदा रुग्णाला स्वतःलाही कळत नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १८४८ साली व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाच्या कामावर स्फोट होऊन फिनिअस गेज या २५ वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण जबाबदार म्हणून नावाजलेला हा माणूस उद्धट व चंचल झाला. मित्र म्हणत, हा पूर्वीचा गेज नव्हे. तथापि पुढे त्याने चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकली. ठरलेल्या वेळेचे, ठरलेल्या वाटेचे काम त्याला सावरू शकले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

आम्हाला यातून मोठा धडा मिळतो. रुग्णाचा दिनक्रम ठरलेला असावा. एका वेळी एकच काम सांगावे. झोप पुरेशी व्हावी, गोंगाट कमी असावा. तो चिडला की वाद न घालता विषय बदलावा. दारू पूर्ण वर्ज्य. फिटची गोळी मनाने बंद करू नये. उदासी, जिवावर उदार होण्याची भाषा किंवा मारहाण दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मार लागल्यानंतर काही आठवड्यांनीही डोकेदुखी वाढली, उलट्या किंवा गुंगी आली, तर तात्काळ रुग्णालय गाठावे, कारण आत रक्त साचलेले असू शकते.

सांभाळणाऱ्या माउलीचाही विचार व्हावा. शेजाऱ्यांनी आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसावे, म्हणजे तिला श्वास घेता येईल. विद्यार्थ्यांनी हेल्मेटशिवाय गाडीला किक मारू नये.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. आजारी पडलेल्या, सर्वांनी टाकलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले-पुसले. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आम्ही दुखावलेल्या मेंदूच्या माणसाला वेडा म्हणून टाकावे काय? त्याला दोष देण्याऐवजी कारण समजून घेऊ या. प्रज्ञा आणि करुणा यांची खरी गरज अशाच घरात आहे.