कळ दाबताना कळ येऊ नये म्हणून

नवा संगणक घेताना रॅम किती, स्क्रीन केवढी, याची दुकानात कसून चौकशी होते. कीबोर्ड मात्र खोक्यातून निघेल तो. ज्यावर दिवसाचे सात-आठ तास बोटे चालतात, त्या वस्तूकडे लक्ष जाते ते मनगट दुखू लागल्यावर. मग कुणी महागडा ‘मेकॅनिकल’ कीबोर्ड सुचवतो, कुणी ‘एर्गोनॉमिक’. खरेदीआधी दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. बोटांना टायपिंग कसे लागते, हा पहिला. टाइप करताना मनगट कसे राहते, हा दुसरा. पहिला बराचसा आवडीचा आहे, दुसरा आरोग्याचा.

बोटांना काय जाणवते?

कार्यालयांतले बहुतेक कीबोर्ड रबर डोम प्रकारचे असतात. प्रत्येक कळीखाली रबराची छोटी टोपी असते. ती दबली की खालच्या पातळ पडद्यांवरचे संपर्कबिंदू टेकतात आणि अक्षर उमटते. त्यासाठी कळ जवळपास तळापर्यंत दाबावी लागते. हे कीबोर्ड स्वस्त आणि कमी आवाजाचे असतात, पण रबर जुने झाले की कळा जड लागू लागतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये अशाच टोपीभोवती कात्रीसारखी दोन दांड्यांची रचना असते. तिथे कळ जेमतेम १ ते २ मिलिमीटर खाली जाते. हात हलका असणाऱ्यांना ती आवडते, जोरात टाइप करणाऱ्यांना बोट फळीवर आपटल्यासारखे वाटते.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते. चेरी कंपनीच्या प्रचलित एमएक्स स्विचमध्ये कळ ४ मिलिमीटर खाली जाऊ शकते, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटते. लाल स्विच सरळ खाली जातो आणि त्याला सुमारे ४५ ग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. तपकिरी स्विचमध्ये वाटेत हलका अडथळा जाणवतो. निळ्यात त्या अडथळ्याबरोबर ‘टक्’ असा आवाज येतो. तो टाइप करणाऱ्याला सुखावतो, शेजारच्या टेबलावरच्याला क्वचितच!

अर्ध्यावरच अक्षर उमटते, याचा फायदा मात्र कळ तळापर्यंत न ठोकणाऱ्यालाच मिळतो. गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावण्याची सवय बहुतेकांना असते. जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्या हातांना तर ती हमखास. टाइपरायटरवर जोर जास्त लागे, पण ओळ संपली की कॅरेज सरकवावे लागे, पान संपले की कागद बदलावा लागे. तेवढीच हातांना विश्रांती. संगणकाने जोर कमी केला आणि ती विश्रांतीही काढून घेतली.

मनगट सरळ आहे का?

मनगटात हाडे आणि एक जाड बंध यांच्यामधून बोगद्यासारखी अरुंद वाट जाते. तीतून बोटे आणि अंगठा वाकवणारे नऊ टेंडन आणि मिडियन नर्व्ह ही नस जाते. मनगट वर किंवा खाली वाकले की या वाटेतला दाब वाढतो. नस दीर्घकाळ दाबली गेली तर अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात मुंग्या येतात. रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांत त्याची शक्यता वाढते. केवळ टायपिंगमुळे तो होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही, पण वाकलेल्या मनगटाने तासन्‌तास काम केल्यास असलेला त्रास वाढू शकतो.

कीबोर्डच्या मागच्या बाजूचे दोन छोटे पाय उघडले की कळा नीट दिसतात, पण मनगट वर वाकते. ते पाय मिटून ठेवणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय. मेकॅनिकल कीबोर्ड बरेचदा उंच असतात, त्यामुळे महाग कीबोर्डवरही मनगट अधिक वाकू शकते. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये आणलेल्या ‘नॅचरल’सारख्या दुभंगलेल्या कीबोर्डवर हात करंगळीच्या बाजूला वळत नाहीत, मनगट सरळ राहते. पण तो सरावाचा व्हायला वेळ लागतो आणि प्रत्येकाचे दुखणे त्याने थांबेलच असे नाही.

मराठीत करंगळीवर भार

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत ख, घ, ठ, ण, ळ, श अशी अनेक अक्षरे शिफ्ट दाबूनच येतात. ‘आठवण’ या चार अक्षरी शब्दाला तीनदा शिफ्ट लागते. हे काम बहुधा करंगळीचे, म्हणजे सर्वांत अशक्त बोटाचे. अक्षर ज्या हाताचे असेल त्याच्या विरुद्ध हाताची शिफ्ट वापरावी, म्हणजे एकाच पंजावर ताण येत नाही. विंडोजमधील ‘स्टिकी कीज’ सोय सुरू केल्यास शिफ्ट दाबून धरावीही लागत नाही.

घेताना आणि वापरताना

लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर साधा वेगळा कीबोर्ड आणि लॅपटॉप उंच ठेवण्याचे स्टँड यांवरचा खर्च सर्वांत सार्थकी लागतो. नाहीतर एक तर मान वाकते, नाही तर मनगट. हिशेबाचे काम नसेल तर आकड्यांचा वेगळा भाग नसलेला कीबोर्ड घ्यावा. माउस जवळ येतो आणि खांदा ताणला जात नाही. दुकानात दोन-चार ओळी टाइप करून पाहाव्यात. कोपर काटकोनात आणि खांदे सैल असताना तळहाताची मागची बाजू आणि हात एका रेषेत राहतात का, हे पाहावे. मग आवाज आणि रंगाचा विचार करावा. दर अर्ध्या तासाने मिनिटभर हात कीबोर्डवरून उचलावेत.

मुंग्या आठवड्या-दोन आठवड्यांत थांबत नसतील, हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठ्याखालचा उंचवटा बारीक दिसू लागला असेल, तर कीबोर्ड बदलण्यात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. वेळेत पाहिल्यास अनेकदा रात्री मनगटाला बांधायच्या साध्या पट्ट्यावर भागते, उशीर झाला तर नसेचे नुकसान पूर्णपणे भरून येईलच असे नाही.