राजीनामा लिहिण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाचणगाव आणि पुलगाव ही गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की, एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हे परगावच्या माणसाला चटकन कळत नाही. पुलगावात एके काळी कापडाची गिरणी होती. दारूगोळ्याचा डेपो आजही आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत ज्याला या दोहोंपैकी एका ठिकाणी काम लागले, त्याच्या घरी मुलगी द्यायला कोणी मागेपुढे पाहत नसे. पुढे गिरणी बंद पडली आणि कितीतरी घरांच्या चुली थंडावल्या. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. नोकरी माणसाला सोडून जाऊ शकते, पण माणसाने लागलेली नोकरी सोडायची नसते.

२०२४ च्या दिवाळीत माझा पुतण्या घरी आला, तेव्हा हाच विषय निघाला. पोरगा बी.कॉम. झालेला, वय तेवीस. एका खासगी वित्त कंपनीत तालुक्याच्या शाखेत वर्षभरापूर्वी लागला होता. काम वसुलीचे. बचत गटातल्या बायकांच्या दारी जाऊन हप्ता गोळा करायचा. पगार सोळा हजार, त्यातले पेट्रोल आणि खोलीभाडे वजा जाता हाती नऊ-दहा हजार उरत.

‘काका, राजीनामा लिहून ठेवला आहे. फक्त द्यायचा राह्यला,’ तो म्हणाला.

त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, पारा चढला. ‘लागलेली नोकरी सोडतो म्हणते! लोकांले मिळून नाही राह्यली अन् याले जड झाली!’

मी दोघांनाही थांबवले. कारण ‘सोडू की नको’ हा प्रश्न वरवर एक दिसतो, पण त्याच्या पोटात चार-पाच प्रश्न असतात. ते सुटे केल्याशिवाय उत्तर सापडत नाही.

रागाच्या भरात दिलेला राजीनामा

आधी स्वतःची फजिती सांगतो. १९७८ साली मी एका पेढीवर हिशेबनीस म्हणून लागलो होतो. बहिणीच्या साखरपुड्याला रजा मिळाली नाही म्हणून भर दुपारी मालकाला ‘हा निघालो’ असे सांगून बाहेर पडलो. आठ दिवसांनी पगार मागायला गेलो, तर मालक म्हणाले, ‘कामावरून तूच पळालास, कसला पगार?’ माझ्याजवळ नेमणुकीचा कागद नव्हता आणि राजीनामाही तोंडी. सतरा दिवसांचा पगार बुडाला तो बुडालाच. त्याहून वाईट म्हणजे दोन वर्षे काम केल्याचा दाखला मिळाला नाही. पुढच्या नोकरीत मला पुन्हा नवशिका म्हणून सुरुवात करावी लागली.

नोकरी सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. सोडण्याची पद्धत चुकली याचा आहे.

एकाच माणसाचे दोन निर्णय

तरुण वयात नोकरी सोडण्याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. त्यांनी तीन वर्षांच्या आत दोन नोकऱ्या सोडल्या. पण दोन्ही वेळची कारणे आणि रीत अगदी निराळी होती. म्हणूनच ते उदाहरण समजून घेण्यासारखे आहे.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांनी केला होता. त्याप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. वय सव्वीस. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना जागा सोडावी लागली. ओळखीच्या माणसांकडेही आसरा मिळाला नाही. त्या दिवशी बागेत बसून वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

हाती दुसरी नोकरी नव्हती, गाठीला पैसा नव्हता आणि करार तर दहा वर्षांचा होता. तरीही तिथे थांबणे शक्य नव्हते, कारण प्रश्न पगाराचा राहिला नव्हता.

दुसरी नोकरी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये, म्हणजे त्या काळी भरभक्कम. तिथेही भेदभाव सोसावा लागला, पण मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली ती मुख्यतः लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी. ते शिक्षण पुन्हा सुरू करायला विद्यापीठाने मुदत घालून दिली होती आणि ती सरत चालली होती. प्राध्यापक असतानाही परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत काटकसरीने राहून त्यांनी पैसे साठवले होते. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेली रक्कम यांची भर पडली. जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. १९२३ मध्ये त्यांना तिथली डी.एस्सी. पदवी मिळाली.

पहिल्या वेळी माणुसकीच पायदळी तुडवली जात होती, म्हणून हिशेब न करता निघावे लागले. दुसऱ्या वेळी कुठे जायचे, किती दिवसांत जायचे आणि कशाच्या बळावर, हे सगळे ठरवून ते निघाले. आपल्यापुढचा प्रसंग यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखायला हवे.

दुखते नेमके कुठे?

मी पुतण्याला विचारले, ‘तुला त्रास कशाचा होतो? उन्हातान्हात फिरण्याचा, साहेबाचा, की कामाचा?’

हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. साहेब खडूस असेल, तर साहेबाची बदली होते किंवा आपली होऊ शकते. काम येत नाही म्हणून भीती वाटत असेल, तर सहा महिन्यांत हात बसतो. पहिल्या नोकरीचे पहिले काही महिने जवळजवळ सर्वांनाच जड जातात. घरची आठवण, परके गाव, खानावळीचे जेवण या सगळ्याचा राग आपण नोकरीवर काढतो. यावर एक साधा उपाय आहे. महिनाभर रोज रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या, आज काय खुपले ते. महिन्याने वही वाचली की, रोज तेच लिहिले आहे की रोज वेगळे, हे कळते. रोज वेगळे असेल तर ती कुरकुर आहे. रोज तेच असेल तर ते दुखणे आहे.

पुतण्याने थोडा वेळ मान खाली घातली. मग बोलला. ‘कर्जासोबत विमा घ्यायलाच लागते, असं बायांले सांगायला लावतात. खरं म्हणजे तो ऐच्छिक असतो. सही घेताना कागदावरचं वाचून दाखवायचं नाही म्हणतात. एका म्हातारीनं मले विचारलं, ‘बापू, हे कायचे पैसे कापले रे?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं.’

माझा भाऊ एवढा वेळ तावातावाने बोलत होता, तो गप्प झाला. घरात आमची आईही एका गटाची सभासद होती.

आता प्रश्नाचे रूपच बदलले. खोटे बोलायला, खोट्या सह्या घ्यायला लावणारी नोकरी, तब्येत मोडणारी किंवा अपमान करणारी नोकरी आणि नुसती कंटाळवाणी नोकरी यांना एकाच तराजूत घालता येत नाही. कंटाळवाण्या नोकरीत थांबता येते. खोट्या कागदावर मात्र सही आपली असते. उद्या चौकशी झाली तर साहेब हात वर करतो आणि सही करणारा पोरगा सापडतो.

घरचा हिशेब

तरीही दुसऱ्याच दिवशी राजीनामा टाकू नकोस, असे मी त्याला सांगितले. आज यापुढे खोटी सही करायची नाही, हे वरिष्ठांना लेखी कळव आणि दुसऱ्या शाखेत बदली माग. दरम्यान घरचा हिशेब करू.

शहरातल्या तरुणांना सल्ला दिला जातो की, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नये. सल्ला चांगला आहे, पण शेतकऱ्याच्या घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. आमच्याकडे कापूस आणि तुरीचा पैसा दिवाळीनंतर माघ-फाल्गुनापर्यंत येतो. पेरणीच्या वेळी, मृगाच्या आसपास, घरात दमडी नसते आणि बियाणे-खताला रोख लागते. अशा घरात पोराचा पगार जूनमध्ये बंद झाला तर सावकाराचे दार गाठावे लागते. तोच फेब्रुवारीत बंद झाला तर चार महिने निभावून नेता येतात. म्हणून नोकरी सोडायची असेल तर घराचे पंचांगही पाहावे.

कागदावर दोन रकाने करावेत. एकात टळू न शकणारे खर्च लिहायचे: कर्जाचा हप्ता, औषधपाणी, धाकट्याची फी. दुसऱ्यात हाताशी असलेला पैसा. पहिल्याने दुसऱ्याला भागले की किती महिने तग धरता येईल ते कळते. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, हेही त्यात धरावे. आणि हा कागद घरच्यांसमोर ठेवावा. वडिलांचा विरोध पुष्कळदा निर्णयाला नसतो, अंधारात उडी मारण्याला असतो.

कागदपत्रांचे शहाणपण

आता थोडे कायद्याचे. नेमणूकपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. पूर्वसूचना किती दिवसांची द्यायची, ती न दिल्यास किती पगार कापला जाईल, हे त्यात असते.

काही ठिकाणी ठरावीक वर्षांचा बाँड लिहून घेतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षे पुरी होण्याआधी, २००९ मध्ये, नोकरी सोडली होती आणि करारानुसार दोन लाख रुपये भरावे लागल्याबद्दल दाद मागितली होती. न्यायालयाने ती अट वैध ठरवली. सरकारी बँकेला नव्याने भरती करण्याचा मोठा खर्च येतो, हे त्यामागचे एक कारण. याचा अर्थ बाँड म्हणजे बेडी नव्हे. तुम्हाला बळेच कोणी कामावर ठेवू शकत नाही. पण वाजवी भरपाई द्यावी लागू शकते. तेव्हा सही करण्याआधी रक्कम पाहावी. शैक्षणिक दाखल्यांच्या मूळ प्रती मात्र कुणाकडे अडकवून ठेवू नयेत.

भविष्यनिर्वाह निधीचे पैसे लगेच काढून खाण्याचा मोह टाळावा. नवी नोकरी लागल्यावर खाते तिकडे वळवता येते. पाच वर्षे सलग सेवा होण्याआधी रक्कम काढल्यास कर लागू शकतो आणि निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते. ग्रॅच्युइटीला सर्वसाधारणपणे पाच वर्षे लागतात. साडेचार वर्षे झालेल्याने घाईने सोडणे म्हणजे हातातोंडाशी आलेला घास टाकणे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला वर्षभरानंतरही ग्रॅच्युइटी मिळू शकते. राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, असेही वेतन संहितेत आहे.

सरकारी नोकरीतल्यांनी अधिक जपावे. दुसऱ्या सरकारी पदासाठी अर्ज करताना तो कार्यालयाच्या परवानगीने, रीतसर मार्गाने पाठवावा. नाही तर राजीनाम्याबरोबर आधीची सेवा मोजणीतून जाऊ शकते.

आणि राजीनामा नेहमी लेखी द्यावा, चार ओळींचा, तक्रारीविना. पोच घ्यावी. अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचे पत्र आणि पगारपत्रके घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नये.

पुढे काय झाले

पुतण्याला बदली मिळाली नाही. त्याच्या पत्राला उत्तरही आले नाही, पण त्याच्याकडून तशा सह्या घेण्याचे थांबले आणि त्याला लांबच्या गावांची वसुली दिली गेली. तो तीन महिने थांबला, चौदा हजार रुपये बाजूला टाकले आणि कापसाचा पैसा घरात आल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये महिनाभराची सूचना देऊन बाहेर पडला. नवी संहिता तेव्हा लागू नव्हती. त्याचा शेवटचा हिशेब मिळायला दीड महिना लागला. कागद जवळ होते म्हणून मिळाला.

आज तो एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो. पगार आधीपेक्षा दोन हजारांनी कमी आहे. लग्नाच्या बोलण्यात हे दोन हजार आडवे येतात आणि माझा भाऊ ते अधूनमधून बोलून दाखवतो. त्याचे दुःख खोटे नाही.

परवा गटाच्या बैठकीहून परतताना आईने नव्या कर्जाचा कागद पुतण्याला दाखवला. त्याने तो ओळीओळीने वाचून दाखवला आणि विम्याच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, ‘आजी, हे पाहिजे असलं तरच घ्यायचं. नको असलं तर नाही म्हणायचं.’ भाऊ ओट्यावर बसून ऐकत होता. तो काही बोलला नाही.