संगणकाच्या पिढ्या आणि ‘टिफरॅक’ची स्मृती

संगणकाच्या इतिहासाची पिढ्यांमध्ये विभागणी करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पहिली पिढी निर्वात नलिकांची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी एकात्मिक मंडलांची आणि चौथी सूक्ष्मप्रक्रियकाची, ही वर्गवारी विद्यार्थ्यांस पाठ असते. विद्युत्‌प्रवाह चालू वा बंद करणारा घटक कोणता, या एकाच निकषावर ती उभी आहे. निकष सोयीचा खरा. परंतु मुंबईत सिद्ध झालेल्या एका यंत्रास तो लावून पाहिला की त्याचा अपुरेपणा ध्यानी येतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधण्याचे कार्य १९५४ च्या सुमारास हाती घेण्यात आले. १९५६ मध्ये प्राथमिक नमुना चालू झाला व पूर्ण यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. यंत्रात सुमारे २,७०० नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. नलिका तापवावी लागते, कालांतराने जळते, आणि एक निकामी झाली तरी सारे गणित अडते. ट्रान्झिस्टरचा शोध तर १९४७ मध्येच लागला होता, आणि १९६० पर्यंत त्यावर चालणारे संगणक परदेशी विक्रीस आले होते. म्हणून टिफरॅक जन्मतःच जुने होते, असा शेरा सहज मारला जातो.

हा शेरा निम्माच खरा आहे. नलिकायुगातील आरंभीच्या यंत्रांत संख्या साठविण्यासाठी पारा भरलेल्या नळीतील ध्वनिलहरी, ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावरील विद्युत्‌भार किंवा फिरता चुंबकीय ड्रम यांचा आधार घेतला जाई. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून आणविलेल्या एचईसी-२एम यंत्राची स्मृती ड्रमवरच होती. ड्रमवरील संख्या हवी असेल तर ती वाचनशीर्षाखाली येईपर्यंत थांबणे भाग असते. पडद्यावरील भार तर सतत नवा करीत राहावे लागते.

टिफरॅकची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. ४० द्विमान अंकांचा एक, असे २,०४८ शब्द तीत मावत. म्हणजे अंकागणिक एक याप्रमाणे ८१,९२० कड्या झाल्या. कडीचे चुंबकन एका दिशेस असल्यास शून्य, उलट दिशेस असल्यास एक. आडव्या व उभ्या तारेतून आवश्यकतेच्या निम्मा निम्मा प्रवाह सोडला की दोन्ही तारा जिच्यातून जातात तेवढीच कडी पालटते, शेजारच्या स्थिर राहतात. त्यामुळे कोणताही शब्द सारख्याच वेळात हाती येतो. वाचताना मात्र मजकूर पुसला जातो आणि तो लागलीच पुन्हा लिहावा लागतो.

हीच कड्यांची स्मृती दुसऱ्या पिढीत आणि तिसऱ्या पिढीच्याही बऱ्याच यंत्रांत टिकली. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा ट्रान्झिस्टरचा संगणक आला. नलिका गेल्या, कड्या राहिल्या. त्यांना हटविले ते १९७० नंतरच्या अर्धसंवाहक स्मृतीने. तेव्हा टिफरॅकची पिढी कोणती, याचे उत्तर कोणत्या भागाकडे पाहावयाचे यावर अवलंबून आहे.

१९७१ च्या इंटेल ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. टिफरॅकच्या नलिकांच्या जवळपास जाणारी ही संख्या नखाहूनही लहान सिलिकॉनच्या तुकड्यावर मावली. (तो एका वेळी चारच अंक हाताळी, हे विसरता कामा नये.)

पुढील काळाबाबत तर हा निकष जवळजवळ मुकाच होतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने, तिच्या १९८८ मधील स्थापनेनंतर तीनच वर्षांनी, ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील ट्रान्सप्यूटर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. घटक चौथ्याच पिढीचे, नवी होती ती जुळणी. प्रत्येक प्रक्रियकाची स्मृती स्वतंत्र असल्याने दुसऱ्याजवळची संख्या संदेश धाडूनच मागवावी लागे, आणि कोणत्या संख्या कोणाजवळ ठेवावयाच्या हे आज्ञावली लिहिणाऱ्यास आधीच ठरवावे लागे.