दंतचिकित्सा आणि सलाईनची एक बाटली

तामिळनाडूतील वाणियंबाडी येथे एका दंतचिकित्सालयात उपचार घेतलेल्या १० जणांना मेलिओइडोसिस हा आजार होऊन तो मेंदूपर्यंत पोहोचला आणि त्यांपैकी ८ जण दगावले. २०२२-२३ मधील या घटनेचा शोधअहवाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशय एका साध्या गोष्टीवर स्थिरावला. सलाईनची बाटली हिरडी सोडविण्याच्या हत्याराने उघडली जाई, तोंडाशी कापसाचा बोळा सैलसा बसवून ठेवली जाई आणि उरलेले पाणी पुढील रुग्णांच्या जखमा धुण्यास वापरले जाई. या रोगाचे जंतू माती-पाण्यात असतात.

हत्यारे उकळली म्हणजे झाले, असा आपल्याकडे समज आहे. परंतु १०० अंशांवर काही जंतूंचे बीजाणू तग धरतात. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने १२१ अंशांवर निदान १५ मिनिटे प्रक्रिया करणे हा भरवशाचा मार्ग होय. दात कोरण्याचे यंत्र नुसते स्पिरिटने पुसणे आम्हांस मुळीच पुरेसे वाटत नाही. त्याच्या पोकळीत रक्त व लाळ शिरते.

डॉक्टरांना विचारण्याचा संकोच आम्ही जाणतो, विशेषतः खुर्चीत आ वासून बसल्यावर! म्हणून वाचकहो, बसण्यापूर्वीच विचारावे : हत्यारांचे पाकीट आमच्यासमोर उघडाल का? हातमोजे नवे आहेत ना? आणि दात काढायचा असल्यास, ही सलाईनची बाटली केव्हा उघडली?