विचिकिच्छा, वीमंसा आणि निश्चय

पाच नीवरणांत विचिकिच्छा शेवटी येते. आपण तिचे भाषांतर 'संशय' असे करतो आणि कालामसुत्ताचा आधार देऊन संशय घेणे हाच बौद्धांचा बाणा असल्याचे सांगतो. हे अर्धेच खरे आहे. केसपुत्ताच्या कालामांना शंका यावी हे तथागतांनी उचितच मानले. परंतु त्यांना शंकेतच बसवून ठेवले नाही. जे अकुशल, सदोष आणि अहितकारक आहे असे स्वतः जाणाल ते सोडा, जे कुशल आहे ते आचरा, ही कसोटी त्यांनी लगेच कालामांच्या हाती दिली.

चार इद्धिपादांत छंद, विरिय व चित्त यांच्यासह वीमंसा, म्हणजे शोधक बुद्धी, सांगितली आहे. वीमंसा आणि विचिकिच्छा बाहेरून सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत मनुष्य थबकलेला असतो. मात्र वीमंसा करणारा काल जे जाणत नव्हता ते आज विचारून, पाहून, पडताळून जाणतो. विचिकिच्छेत तोच प्रश्न त्याच शब्दांत रोज परत येतो. अभिधम्मानुसार विचिकिच्छायुक्त चित्तात अधिमोक्ख, म्हणजे निश्चय, हे चेतसिक उपजतच नाही. कार्य करण्याची इच्छा, म्हणजे छंद, हाही तेथे नसतो. संगारव ब्राह्मणाला दिलेली उपमा अधिक बोलकी आहे : गढूळ, ढवळलेले आणि शिवाय अंधारात ठेवलेले पाणी. त्यात स्वतःचा चेहराही दिसत नाही.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे का घेतली, असा प्रश्न आजही विचारला जातो. 13 ऑक्टोबर 1935 ते 14 ऑक्टोबर 1956 या कालखंडाकडे पाहिले तर तो वीमंसेचाच होता. धर्म सोडण्याचा निश्चय पहिल्याच दिवशी झाला होता. कोणता स्वीकारावा याचा शोध चालू राहिला. 1936 मध्ये मुंबईच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची मीमांसा केली, 1950 मध्ये ते श्रीलंकेतील बौद्ध परिषदेस गेले, डिसेंबर 1954 मध्ये रंगूनला गेले. तेथून परतल्यावर 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेस तेव्हा पावणेदोन वर्षांहून अधिक अवधी होता. तरीही जे त्या दिवशी करता येण्याजोगे होते ते त्यांनी त्याच दिवशी केले.

देहूरोडच्या त्या विहाराभोवती आज पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण अशी कारखान्यांची रांग पसरली आहे. आपले कितीतरी उपासक तेथे पाळीत काम करतात. लहान कारखान्यांत मोटारीचे सुटे भाग पॉवर प्रेसवर निघतात. क्लचची चावी झिजली की बटण न दाबताही यंत्राचा ठोका पुन्हा खाली येतो. कामगाराला ते दोन दिवस आधीच कळलेले असते. त्याच्या बोटांना धोका आहे हेही तो जाणतो. अडते ते दुसरीकडेच : सुपरवायझर काय म्हणेल, ठेकेदार पुढच्या महिन्यात ठेवील का, आपणच भित्रे ठरू का? त्याला धैर्याचा उपदेश करणे सोपे आहे; ज्याचा पगार ठेकेदाराच्या मर्जीवर आहे त्याची भीती मात्र काल्पनिक नसते.

म्हणून अट्ठकथेतील एक सूचना मला मोलाची वाटते. विचिकिच्छा दूर करणाऱ्या सहा गोष्टींत निश्चयशीलतेबरोबर प्रश्न विचारणे आणि कल्याणमित्रांची संगत यांचाही तेथे समावेश आहे. म्हणजे निश्चय एकट्याच्या छातीवर सोपविलेला नाही. आपली शंका रात्रभर घोळवणाऱ्या कामगाराने आधी शेजारच्या यंत्रावरील माणसाला विचारावे : तुझ्याकडेही असेच होते का? बहुधा होत असते. मग प्रश्न 'माझे काय होईल' असा न राहता 'हे सदोष आहे की निर्दोष' असा होतो, आणि त्याचे उत्तर दोघांनाही ठाऊक असते. पाळी सुरू होण्याआधी दोघा-तिघांनी मिळून जावे. यंत्राचा क्रमांक, तारीख आणि बिघाड कागदावर लिहून द्यावा, एक प्रत जवळ ठेवावी. आणि दुरुस्ती होईपर्यंत पुढच्या पाळीतील नव्या मुलाला त्या यंत्रावर बसवू नका, हेही त्याच कागदावर लिहावे.