पाव आटा

सकाळी ८:४५

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. शटर वर गेलं की आधी कॉम्प्रेसर सुरू होतो. टाकीत हवा भरेपर्यंत पोरगा रॅम्पवरच्या दोन्ही टर्नटेबल फडक्यानं पुसून घेतो. पुढची चाकं यांच्यावर उभी राहतात. खाली वाळूचे चार कण जरी अडकले तरी प्लेट अडखळते आणि आकडा खोटा येतो. समोर कॅमेरे, खाली संगणक. चाकांची अलायमेंट करणाऱ्या या मशीनचा हप्ता महिन्याला अठरा हजार. मिस्त्रीला पगार बावीस. पोरगा रोजावर, साडेचारशे.

९:२०

पहिली गाडी ओम्नी, शिरोली एमआयडीसीत जेवणाचे डबे पोचवणारी. डाव्या टाय रॉडचा चेक नट गंजून धरलाय. तेल मारून दहा मिनिटं थांबले. मग पान्याला पाइप लावून जोर काढला. नट ढिम्म. शेवटी ओलं फडकं गुंडाळून रबरी बूट झाकला आणि गॅसनं नट तापवला, तेव्हा कुठं कुरकुरत सुटला. सगळा मिळून तासाचा खेळ. बिल साडेतीनशे. डबेवाला म्हणाला, "तीनशे घ्या की मिस्त्री." घेतले.

११:१०

पोर्श बॉक्सस्टर, लाल, सेकंडहँड. मालक इचलकरंजीचे यंत्रमागवाले. गाडी इतकी खाली की सरळ रॅम्पवर चढवली तर पुढचा ओठ घासणार. पोरगा दोन लांब फळ्या मांडतो आणि आडवं पडून, गाल फरशीला टेकवून बघत राहतो. "येऊ द्या... दमानं... बास!"

"ऐंशीच्या पुढं गेली की डावीकडं ओढते," मालक सांगतात. "स्टिअरिंग पण वाकडं राहतंय. गगनबावड्याच्या वाटेला खड्ड्यात गेली होती."

मिस्त्रीचा प्रश्न भलताच. "टाकी किती भरलीय?"

अर्धी. मग जा, भरून या. या गाडीचं इंजिन सीटच्या मागं आणि पेट्रोलची टाकी पुढं, साठ-पासष्ट लिटरची. टाकी रिकामी असली की नाक उचललेलं राहतं, भरली की दबतं, आणि त्याबरोबर चाकांचे कोनही बदलतात. फळ्या पुन्हा मांडल्या, गाडी उतरवली. मालक पंपावर तीन हजार मोजून आले. पुन्हा फळ्या, पुन्हा पोराचा गाल फरशीला.

१२:१५

मशीनला अजून हात नाही. चारही टायरची हवा बघितली. चाक वरखाली, आडवं हलवून बॉल जॉइंट आणि टाय रॉडचा खुळखुळा तपासला. सांधा ढिला असेल तर अलायमेंट करून काही उपयोग नाही, पण ढिल्या सांध्यावरही पैसे घेऊन आकडे हिरवे करून देणारे गावात आहेत. मिस्त्री डाव्या टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवतो. एका दिशेनं गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीचे दात. "टो बाहेर गेलाय." म्हणजे चाक पुढून बाहेरच्या बाजूला वळलंय.

चाकांना टार्गेट लावली. गाडी हातभर मागं ढकलली, परत पुढं आणली. स्टिअरिंग फिरवून पुढची चाकं दहा अंश डावीकडं, दहा उजवीकडं. मागची चाकं जाग्यावर आहेत. ती आधी बघायची, कारण गाडी सरळ कुठं जाणार ते मागची चाकं ठरवतात. पुढं मात्र लाल. डावा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, उणे ०.१ अंश, उजवा उणे ०.६. डावा टो ०.३ अंश बाहेर. ०.३ म्हणजे काय? चाक किलोमीटरभर गेलं की पाचेक मीटर आडवं घासतं. टायरच्या जोडीची किंमत मालकांनी सांगितली. पोरानं मनातल्या मनात आपले रोज मोजले असावेत, कारण तो शिट्टी वाजवायचा थांबला.

१:००

पुढचं झाकण उघडून मिस्त्री डाव्या शॉकअपच्या डोक्यावर बॅटरी मारतो. तीन नट. त्यांच्याखालून वॉशरची जुनी गोल खूण चंद्रकोरीएवढी बाहेर आलीय. म्हणजे आधी कुणीतरी शॉकअप काढून अंदाजानं बसवलाय. खड्ड्याचा दोष नाही.

"शॉकअप कधी बदललं?"

"दिवाळीत," मालक म्हणाले आणि गप्प झाले.

जेवण राहिलं. पुढची चाकं जॅकवर उचलली, नट सैल केले, शॉकअपचं डोकं चारेक मिलिमीटर आत सरकवलं. आवळलं, गाडी खाली सोडली, पुढं-मागं ढकलून स्प्रिंग बसू दिली. उणे ०.३. परत वर. तिसऱ्या खेपेला उणे ०.५.

२:३०

आता टो. तो नेहमी शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. इंजिन सुरू करून स्टिअरिंग मध्यावर आणलं आणि दांडा लावून जखडलं. मिस्त्री खाली. आधी रबरी बूटची क्लिप सोडवतो, नाहीतर रॉडबरोबर बूटला पीळ पडून तो फाटतो. मग चेक नट ढिला.

"पाव आटा."

स्क्रीनवर पंधरा शतांश सरकले. पोरगा आकडे ओरडून सांगतो, मिस्त्री खालून फिरवतो. अर्ध्या आट्याला जरा वर, आणि आकडा ०.०८ आत, हिरवा. काम इथं संपत नाही. नट आवळताना रॉडही थोडा सोबत फिरतो. ०.१२. सोडला. आता दोन पाने: एकानं रॉड धरायचा, दुसऱ्यानं नट आवळायचा. ०.०६. पुन्हा सोडला. आवळल्यावर पळणार तेवढा मोजून आधीच उलट ठेवला, मग आवळला. ०.०८. उजव्या बाजूला एका दमात बसला. एवढ्यासाठी मिस्त्रीची पाठ पाऊण तास ग्रीसच्या फरशीवर.

४:१०

तावडे हॉटेलवरून हायवेला चाचणी. दोनच सीट, त्यामुळे मी आणि पोरगा दुकानात. तो बॅलन्सिंगची उतरवलेली जुनी वजनं डब्यात टाकत बसला. डबा भरला की भंगारवाल्याकडं. चहा दहा रुपये, मी दिले.

गाडी आली. मालक खूश, तरी शंका: "किंचित डावीकडं जातेच की."

"रस्त्याला कडेकडं उतार असतोय, पाणी जायला. मधल्या पट्ट्यात हात सोडून बघितला न्हवं? सरळ गेली." मिस्त्रीनं प्रिंट हातात दिली. बिल अडीच हजार, मोबाइलवरून. पोराला शंभर.

५:००

बोलेरो, अर्धा तास. मग एक वॅगन आर. साडेतीनशे, पूर्ण.

७:१५

पोरगा कपड्याच्या सोड्यानं हात घासतोय. दसऱ्यासाठी पाचशे उचल मागितली. दुकानमालकानं तीनशे दिले, वहीत मांडले आणि विचारलं, "त्या फळ्या आत घेतल्यास का?"

"एक तडकलीय," पोरगा म्हणाला.