मोरी कां तुंबते?

स्वयंपाकघरांतील मोरी एका दिवसांत तुंबत नाहीं. ताटांना लागलेलें तूप आणि तळणीचें उरलेलें तेल गरम पाण्याबरोबर सहज वाहून गेल्यासारखें दिसतें. परंतु भिंतीआडच्या थंड नळांत तें थिजून कडेला चिकटतें. त्यावर भाताचीं शितें व चहाचा चोथा बसत जातो आणि पाण्याची वाट दिवसेंदिवस अरुंद होते. हा गाळ विशेषतः मोरीखालच्या वळणांत सांचतो. हें वळण मात्र निरर्थक नव्हे. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधील घड्याळजीनें १७७५ सालीं शौचकूपासाठीं अशाच वाकड्या नळाचें पेटंट घेतलें. त्यांत अडून राहिलेलें पाणी गटारांतील दुर्गंधीला घरांत येऊं देत नाहीं.

तुंबलेल्या मोरींत खाण्याचा सोडा व व्हिनेगार एकत्र ओतण्याचा उपाय पुष्कळ घरीं केला जातो. फसफसून फेंस येतो आणि मळ सुटला असें वाटतें. वस्तुतः सोडा अल्कधर्मी, तर व्हिनेगार आम्ल. गांठ पडतांच दोन्ही परस्परांचें बळ हरण करतात. फेंसाच्या धक्क्यानें सैल कचरा हलतो. चरबी जागीच राहते.

चरबीवर धुण्याचा सोडा अधिक गुणकारी ठरतो. जुन्या तेलांतील आम्लांशी त्याचा संयोग होऊन साबण तयार होतो व ओशटपणा सुटतो. राखेनें भांडीं स्वच्छ होत, त्याचेंहि कारण हेंच. राखेंतहि अल्क असतो. सांचलेलें पाणी आधीं उपसून मूठभर सोडा मोरींत टाकावा, वर तांब्याभर गरम पाणी ओतावें आणि अर्ध्या तासानें पुन्हां भरपूर गरम पाणी सोडावें. नळ प्लॅस्टिकचा असल्यास उकळतें पाणी ओतूं नये. तो मऊ पडून वांकतो. सोडा उघड्या हातानें हाताळूं नये.

एक गोष्ट मात्र कधींहि करूं नये. ब्लीचिंग पावडर व व्हिनेगार अथवा शौचकूप धुण्याचें ॲसिड एकत्र आल्यास क्लोरीन वायु सुटतो. १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर सैनिकांचे प्राण घेणारा वायु तो हाच. एक औषध लागू पडलें नाहीं म्हणून त्यावर लगेच दुसरें ओतणें बंद न्हाणीघरांत जिवावर बेतूं शकतें.

तेलकट भांडें धुण्यापूर्वीं कागदानें पुसलें आणि मोरीच्या तोंडाशीं बारीक जाळी बसविली, तर यांतील बहुतेक खटाटोपाची गरजच पडत नाहीं.